चार तक्रारी आणि एकच संशयित

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर तुम्हाला दुरुस्त करता येईल. वय ५४, मधुमेह आठ वर्षांपासून. पहिल्यापासून ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी दिवसातून दोनदा. बीपीसाठी टेल्मिसार्टन, आणि त्याच गोळीत लघवी वाढवणारं औषध. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम ही नवी गोळी जोडली. त्यानंतर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, लघवीच्या जागी खाज सुटली, दुपारच्या वेळी एक-दोनदा दरदरून घाम येऊन हात थरथरले, आणि तळपायांना मुंग्या येतात. घाबरून सगळ्या गोळ्या बंद केल्या, आज चौथा दिवस. उपाशीपोटी साखर २४० आली. पुढच्या भेटीची तारीख दोन महिन्यांनी आहे आणि डॉक्टर रागावतील म्हणून फोन केलेला नाही. शेवटी विचारलंय, अजिबात दुष्परिणाम नसलेली गोळी कोणती?

अशी गोळी नाही. पण तुमची खरी अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. तुमच्या चार तक्रारींचा उगम बहुधा चार वेगळ्या ठिकाणी आहे. नवी गोळी आली आणि त्रास दिसला, म्हणून आरोप तिच्यावर गेला, आणि शिक्षा मात्र सगळ्यांना झाली. सगळं एकदम बंद केल्यावर बरं वाटलं तरी कशामुळे बरं वाटलं हे कळत नाही. उद्या सगळं एकदम सुरू केलंत तरी तोच गोंधळ.

कारणांकडे जाण्याआधी आजचं बघू. २४० हा आकडा चांगला नाही, पण तेवढ्यानेच रात्री दवाखाना गाठायला हवा असंही नाही. मात्र मळमळ, उलट्या, पोटदुखी, श्वास जोरजोरात चालणं किंवा ग्लानी यांपैकी काही असेल तर हे उत्तर वाचत बसू नका, लगेच जवळच्या रुग्णालयात जा आणि 'तीन आठवडे डापाग्लिफ्लोझिन घेत होतो' हे वाक्य तिथे आवर्जून सांगा. या गटातल्या गोळ्यांमुळे क्वचित रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, साठून आम्लता वाढते, आणि तेव्हा साखर २५० च्या आतसुद्धा असू शकते. साखर फारशी वाढलेली नाही म्हणून रुग्ण निर्धास्त राहतो आणि कधीकधी तपासणाराही फसतो. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम काही दिवस रेंगाळतो, म्हणून 'मी तर थांबवली' या भरवशावर राहू नये.

दुसरं, 'सगळ्या गोळ्या' यात बीपीची गोळीही आली का? आली असेल तर आजच घरी बीपी मोजा. टेल्मिसार्टन चार दिवस चुकल्याने सहसा आकाश कोसळत नाही, पण हृदयाची गती कमी करणारी काही औषधं आणि क्लोनिडिनसारखी बीपीची औषधं अचानक सोडणं धोक्याचं असतं. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून कधीच सोडायची नाही.

आता एकेक तक्रार घेऊ.

खाज सर्वांत सोपी, आणि ती नव्या गोळीचीच असण्याची दाट शक्यता आहे. डापाग्लिफ्लोझिन मूत्रपिंडाला रक्तातली साखर परत शोषू देत नाही, ती लघवीवाटे बाहेर टाकते. दिवसाला साधारण ७० ग्रॅम साखर अशी निघून जाते. त्या गोड ओलाव्यावर बुरशी वाढते. बायकांमध्ये हे जास्त दिसतं, पण पुरुषांनाही होतं, आणि पुरुष ते सांगायला जास्त लाजतात. यावर बुरशी मारणारं मलम काही दिवस लावलं की बहुतेकांना बरं वाटतं. लघवीनंतर ती जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी ठेवली तर पुन्हा होण्याची शक्यता घटते. एकदाच झालं आणि मलमाने बरं झालं तर मी गोळी बदलत नाही. वारंवार झालं तर बदलतो. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. जननेंद्रिय आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागात तीव्र वेदना, सूज, लाली आणि ताप असं एकत्र आलं, तर ती खाज राहिली नाही. तो फार दुर्मीळ पण जिवावर बेतणारा संसर्ग असू शकतो, आणि त्यात तासांनाही किंमत असते.

इथे एक आडवी गोष्ट सांगतो, कारण ती फार कमी जणांना माहीत असते. खाजेसाठी औषधाच्या दुकानातून कुणी फ्लुकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी घेतली, तर ती ग्लिमेपिराइडला शरीराबाहेर जाऊ देत नाही. ग्लिमेपिराइड रक्तात जास्त वेळ जास्त प्रमाणात राहतं आणि साखर धोकादायक खाली जाऊ शकते. म्हणजे एका गोळीच्या दुष्परिणामावर घेतलेली दुसरी गोळी तिसऱ्या गोळीचा दुष्परिणाम उभा करते. काही अँटिबायोटिक्सचंही असंच आहे. क्लॅरिथ्रोमायसिन, को-ट्रायमोक्साझोल आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधं ग्लिमेपिराइड चालू असताना साखर पाडू शकतात. तुमचा घाम आणि थरथर ज्या दिवसांत झाली, त्या दिवसांत असं काही घेतलं होतं का, हे आठवून बघा.

घाम आणि थरथर. याचा पहिला संशय माझ्या मते ग्लिमेपिराइडवर जातो, डापाग्लिफ्लोझिनवर नाही. डापाग्लिफ्लोझिन एकटी असेल तर साखर सहसा फार खाली नेत नाही, कारण रक्तातली साखर कमी झाली की लघवीवाटे जाणारी साखरही आपोआप कमी होते. ग्लिमेपिराइडला हा लगाम नाही. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवला असा वा नसा. आठ वर्षं ती सुखाने चालली, कारण साखर मुळात जास्त होती. आता नव्या गोळीने साखर उतरली आणि ग्लिमेपिराइडचा डोस तोच राहिला, म्हणून जेवायला उशीर झाला की घसरण. अशा वेळी बऱ्याचदा नवी गोळी काढण्याऐवजी ग्लिमेपिराइडचा डोस कमी करावा लागतो. पण तुमची गोळी एकत्र आहे. त्यातली एक बाजू कमी करायची तर गोळीच बदलावी लागते, आणि अर्धी तोडून घेणं हा उपाय नव्हे. मेटफॉर्मिन हळूहळू सुटणाऱ्या प्रकारातलं असेल तर तोडल्यावर ते हळूहळू सुटायचं थांबतं.

हे सगळं 'माझ्या मते', कारण एक मोजमाप हातात नाही. त्या वेळी तुम्ही बोट टोचून साखर बघितली नव्हती. ७० च्या खाली असेल तर खरंच शुगर लो झाली होती, ५४ च्या खाली असेल तर गंभीर. पण आकडा ११० किंवा १३० ही असू शकतो. ज्यांची साखर बराच काळ २५० च्या आसपास राहिली, त्यांचं शरीर त्या पातळीला सरावतं. ती झपाट्याने उतरली की आकडा ठीक असूनही तोच घाम, तीच धडधड जाणवते. काही आठवड्यांत हे निवळतं. दोन्हींचा उपाय वेगळा आहे, म्हणून पुन्हा असं झालं तर आधी मोजा. मोजायला यंत्र जवळ नसेल तर लो झाली असं धरून चाला. लो असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्या, ते नसेल तर तीन चमचे साखर, आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडा अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच घ्या. वर आला की थोडं काही खा. तुमच्या औषधांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर मात्र साधी साखर लवकर काम करत नाही, कारण तिचं विघटनच ती गोळी अडवते. तिथे ग्लुकोजच हवं. गाडी चालवत असाल तर बाजूला घेऊन थांबा.

अंधारी येण्यामागे मला जोडी दिसते. डापाग्लिफ्लोझिन साखरेबरोबर पाणी आणि मीठही बाहेर काढते. तुमच्या बीपीच्या गोळीतलं औषध तेच काम करतं. दोघांनी मिळून शरीरातलं पाणी कमी केलं की बसलेला माणूस उभा राहताना बीपी पडतं. याची तपासणी घरी होते. पाच मिनिटं शांत आडवे किंवा बसून बीपी घ्या, मग उभे राहा आणि तीन मिनिटांच्या आत पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर उत्तर सापडलं. मग लघवीच्या औषधाचा डोस कमी करायचा की ते काढायचं, हा निर्णय डॉक्टरांचा. अनेकदा फक्त बीपीची गोळी बदलल्याने चक्कर जाते आणि मधुमेहाची नवी गोळी तशीच चालू राहते. उन्हाळ्यात आणि ताप-जुलाबात हा त्रास वाढतो. भरपूर पाणी प्या असं मी सरसकट सांगत नाही, कारण हृदयाची पंपिंग कमी असलेल्यांना पाण्याची मर्यादा असते. तुम्हाला तशी मर्यादा सांगितली नसेल तर तहान लागेपर्यंत थांबू नका.

मुंग्यांचं मात्र नव्या गोळीशी काही देणंघेणं असेल असं मला वाटत नाही. तीन आठवड्यांत ती असं करत नाही. इथे बघायचं ते जुन्या, विश्वासू मेटफॉर्मिनकडे. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-१२ या जीवनसत्त्वाचं शोषण कमी होतं. डोस मोठा, काळ लांब, आहारात मांस-अंडी-दूध कमी, शिवाय आम्लपित्ताची गोळी रोजची, असं सगळं जुळलं की कमतरता ठरलेली. शरीरातला साठा संपायला काही वर्षं लागतात, म्हणून हा दुष्परिणाम दबक्या पावलांनी येतो आणि कुणाला संशय येत नाही. हिमोग्लोबिन उत्तम असूनही नसांना इजा झालेली असू शकते. अडचण अशी की मधुमेहामुळे होणाऱ्या नसांच्या त्रासातही नेमक्या अशाच मुंग्या येतात, आणि 'शुगरमुळे आहे' म्हणून विषय संपवला जातो. रक्तातल्या बी-१२ ची एक तपासणी करा. कमी निघालं तर बी-१२ द्यायचं. मेटफॉर्मिन बंद करण्याची त्यासाठी गरज नसते. स्वतःहून फक्त फोलिक अ‍ॅसिड घेऊ नका, त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं.

मेटफॉर्मिनचा विषय निघालाच आहे तर जुलाबांबद्दल दोन ओळी, तुम्हाला तो त्रास नसला तरी. हे औषध सुरू करताना पोट बिघडणं, मळमळ, तोंडाला धातूसारखी चव हे नेहमीचं. जेवणाबरोबर ५०० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून आठवड्या-आठवड्याने वाढवलं, किंवा हळूहळू सुटणारा प्रकार घेतला, तर बहुतेकांचं पोट जुळवून घेतं. शौचात गोळीचं रिकामं कवच दिसलं तर घाबरायचं नाही, औषध आत उतरलेलं असतं. मेटफॉर्मिनने किडनी खराब होते ही समजूत उलटी आहे. किडनी आधीच कमजोर असेल तर हे औषध शरीरात साठतं, म्हणून किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे रिपोर्टमधला ईजीएफआर, ४५ च्या खाली गेला की डोस घटवतात आणि ३० च्या खाली ते देत नाहीत.

मग तुमच्या डॉक्टरांनी डापाग्लिफ्लोझिन का दिली असेल? नुसती साखर कमी करायला असेल तर पर्याय बरेच आहेत. पण लघवीत प्रथिनं जात असतील किंवा हृदय कमजोर असेल, तर या गोळीचा फायदा साखरेच्या पलीकडचा आहे. हृदय निकामी होण्यावर २०१९ मध्ये आणि किडनीच्या आजारावर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांमध्ये तो स्पष्ट दिसला, मधुमेह नसलेल्यांमध्येसुद्धा. तुम्हाला कोणत्या कारणासाठी दिली, हे तुमच्या रिपोर्टवर अवलंबून आहे आणि ते मला इथून दिसत नाही. म्हणून ती कायमची सोडा किंवा पुन्हा घ्या, असं मी सांगणार नाही. डॉक्टरांना हा एक प्रश्न नक्की विचारा: ही गोळी माझ्या साखरेसाठी आहे, की किडनी-हृदयासाठी? उत्तर दुसरं असेल तर थोडी खाज सहन करून तिला टिकवायला मी रुग्णाला आग्रह करतो. पहिलं असेल तर मी एवढा हट्ट धरत नाही.

आता डॉक्टर रागावण्याबद्दल. गोळ्या बंद केल्याचं लपवणं हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत घातक भाग आहे. दोन महिन्यांनी तुम्ही साखर ३०० घेऊन गेलात आणि 'गोळ्या नियमित घेतो' म्हणालात, तर समोरचा माणूस काय करेल? डोस वाढवेल, किंवा आणखी एक औषध जोडेल, कदाचित इन्सुलिन सुरू करेल. मग तुम्ही घाबरून सगळं प्रामाणिकपणे घ्यायला लागलात की साखर कोसळेल. असे रुग्ण बेशुद्धावस्थेत आणलेले मी पाहिले आहेत. त्यापेक्षा चार शब्द ऐकून घेणं स्वस्त. आणि खरं सांगू, 'मी चार दिवस बंद केल्या, कारण मला हे हे होत होतं' असं स्पष्ट सांगणाऱ्यावर सहसा कुणी चिडत नाही. चिडलाच तर दुसरं मत घ्या, पण औषधं सोडून घरी बसू नका.

फोनवर काय सांगायचं ते लिहूनच ठेवा, कारण ऐन वेळी 'गोळ्या सोसत नाहीत' एवढंच तोंडातून निघतं आणि त्यावरून कुणालाच काही ठरवता येत नाही. कोणता त्रास, कधी सुरू झाला, गोळी घेतल्यावर किती वेळाने, जेवणाआधी की नंतर, त्या वेळची साखर आणि बीपी, आणि या महिन्यात कोणतंही दुसरं औषध घेतलं का. दुखण्याची गोळी, सर्दीची गोळी, शक्तीचं चूर्ण, सगळं त्यात आलं. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मधुमेहाच्या चूर्णांत तर ग्लिबेनक्लामाइडसारखं साखर पाडणारं आधुनिक औषध न सांगता मिसळलेलं सापडलं आहे. गंमत म्हणजे मेटफॉर्मिनचं मूळही एका वनस्पतीतच आहे, आणि डापाग्लिफ्लोझिनची पूर्वज सफरचंदाच्या झाडाच्या सालीत सापडली होती. फरक एवढाच की या गोळ्यांचा डोस पाकिटावर लिहिलेला असतो.

पाकिटाचं नाव निघालंय तर सगळी पाकिटं समोर ठेवा आणि ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेली औषधांची नावं वाचा. एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात, आणि ब्रँड वेगळा पण आतलं औषध तेच, अशी दुहेरी मात्रा घेणारे लोक दिसतात. दोन डॉक्टरांकडे जाणाऱ्यांमध्ये हे जास्त होतं. तुमच्या बीपीच्या गोळीत दोन औषधं आहेत हे तुम्ही प्रश्नात लिहिलंत, याचा अर्थ तुम्ही वाचता. बरेच जण वाचत नाहीत. आणि घोट्यांची सूज, कोरडा खोकला, मांड्यांचं दुखणं यांचा दोष मधुमेहाच्या गोळीला देतात, जेव्हा कारण अनुक्रमे अ‍ॅम्लोडिपिन, रॅमिप्रिलसारखं औषध किंवा कोलेस्टेरॉलची गोळी असू शकते.

पाकिटातली घडीची चिठ्ठी मात्र रात्री झोपण्यापूर्वी वाचू नका. तिच्यात हजारात एकाला होणारं आणि दहात एकाला होणारं शेजारी शेजारी छापलेलं असतं, आणि वाचलेला त्रास जाणवू लागणं हाही माणसाचा स्वभाव आहे. यावरून तुमचा त्रास मनाचा आहे असं मी म्हणत नाही. चारही तक्रारींना शरीरातलं कारण आहे.

पुन्हा सुरुवात करायची पद्धत साधारण अशी असते, डॉक्टरांनी होकार दिल्यावर. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि ईजीएफआर ठीक असेल तर आधी मेटफॉर्मिन एकटी. मग रोजची साखर बघून ग्लिमेपिराइड लागते का, आणि लागली तर कमी डोसने. उभं राहून घेतलेलं बीपी बघून बीपीच्या गोळीचा निर्णय. खाज पूर्ण बरी झाल्यावर, आणि गरज ठरल्यावरच, डापाग्लिफ्लोझिन. दोन बदलांमध्ये निदान आठवडाभराचं अंतर राहिलं तर कोणता त्रास कुणाचा हे आपोआप समोर येतं. साखर फार चढत असेल तर एवढी वाट बघायला मिळणार नाही, तो निर्णय आकडे बघून होतो.

डापाग्लिफ्लोझिन पुन्हा सुरू झालीच तर डॉक्टरांकडून एक गोष्ट आधीच लिहून घ्या: उलट्या-जुलाब झाले, जेवण जात नसेल, किंवा शस्त्रक्रिया ठरली तर कोणत्या गोळ्या थांबवायच्या. डापाग्लिफ्लोझिन शस्त्रक्रियेच्या निदान तीन दिवस आधी थांबवतात. जेवण बंद झालेल्या आजारपणात ती आणि मेटफॉर्मिन दोन्ही तात्पुरत्या थांबवायच्या असतात, पण इन्सुलिन चालू असेल तर ते आपल्या मनाने पूर्ण बंद करायचं नसतं. डापाग्लिफ्लोझिन चालू असताना लघवीच्या तपासणीत साखर भरपूर आली तर ती या गोळीमुळेच असते, तो रिपोर्ट बघून घाबरू नका आणि त्यावरून डोस वाढवून घेऊ नका.

उद्या सकाळी उपाशीपोटी साखर, आणि बसून व उभं राहून असं दोनदा बीपी, हे मोजून लिहा आणि मग फोन करा. दोन दिवसांत भेटीची वेळ मिळत नसेल किंवा साखर ३०० च्या वर राहायला लागली, तर तारखेची वाट न बघता जवळच्या दुसऱ्या फिजिशियनकडे सगळी पाकिटं घेऊन जा. बी-१२, क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) आणि तीन महिन्यांची सरासरी साखर, हे चार रिपोर्ट जवळ असले तर त्यांना पहिल्याच भेटीत ठरवता येईल. आकडे इथे टाकलेत तर मीही बघेन.